रुग्णाचेही काही म्हणणे असते

कोणत्याही सार्वजनिक रुग्णालयात गेले, की केसपेपरच्या खिडकीजवळ एक पेटी टांगलेली दिसते. तिच्यावर 'सूचना व तक्रारी' अशी अक्षरे रंगविलेली असतात, तिला कुलूप असते, आणि त्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे हे सहसा कोणालाच सांगता येत नाही. लोकांच्या पैशातून लोकांसाठी चालणाऱ्या आरोग्यसेवेत लोकांच्या मताला आजवर किती जागा मिळाली, याचे मोजमाप करावयाचे झाल्यास ती पेटी पुरेशी आहे. वीतभर रुंद आणि कुलूपबंद!

आमचे म्हणणे थोडक्यात असे : गोवंडीसारख्या वस्तीत आरोग्यसेवा कशी असावी हे ठरत असताना तेथील रुग्ण, त्यांची कुटुंबे आणि त्यांच्यातून पुढे आलेले स्वयंसेवक यांना त्या बैठकीत हक्काची जागा असली पाहिजे. ही जागा कोणी मेहेरबानी म्हणून देण्याची नाही. आणि आम्हा ख्रिस्ती कुटुंबांनी, ज्यांना 'रुग्णसेवा' हा शब्द लहानपणापासून पाठ आहे, त्यांनी या हक्काच्या बाजूने उभे राहावयाचे की नाताळात वॉर्डात फळे वाटून परत फिरावयाचे, याचा निर्णय आता घेतला पाहिजे.

गोवंडीविषयी बोलताना आपण फार लवकर नाक मुरडतो, म्हणून आधी थोडी वस्तुस्थिती पाहू. महापालिकेचा एम-पूर्व विभाग म्हणजे गोवंडी, देवनार, मानखुर्द, ट्रॉम्बे हा पट्टा. २०११ च्या जनगणनेनुसार येथे ८ लाखांहून अधिक माणसे राहत होती. मुंबईच्या २००९ सालच्या मानवी विकास अहवालात सर्व विभागांत हा विभाग तळाशी होता. त्याचा निर्देशांक होता अवघा ०.०५. देवनारच्या कचराभूमीवर १९२७ पासून शहराचा कचरा येऊन पडतो आहे. जे शहराला नको झाले ते गोवंडीकडे ढकलावयाचे, ही रीत जवळजवळ शंभर वर्षांची आहे. कचरा आला, कत्तलखाना आला, इतर वस्त्या तोडून उठविलेली माणसे आली, आणि पुढे शहरातील रुग्णालयांचा जैववैद्यकीय कचरा जाळणारी भट्टीही आली. आमच्या उपनगरांतील इस्पितळांत वापरलेली पट्टी आणि सुई जळाली ती गोवंडीकरांच्या दाराशी. त्या धुराविरुद्ध रहिवाशांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या; अखेर त्यांना मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, आणि २०२३ साली न्यायालयाने तो प्रकल्प दोन वर्षांत अन्यत्र हलविण्याचा आदेश दिला. आपल्या श्वासाविषयीचे आपले मत ऐकून घेतले जावे, यासाठी माणसांना न्यायालयात जावे लागते, ही गोष्ट कोणत्या सुधारलेल्या शहराला शोभते?

आणखी एक उदाहरण घ्या. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या केल्या आहेत, की खालच्या मजल्यांवर ना ऊन पोचते ना वारा. अशा घरांत क्षयरोगाचे प्रमाण अधिक असल्याचे २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले. संशोधन स्तुत्यच आहे. परंतु भर दुपारी दिवा लावून भाकरी थापणाऱ्या बाईला हे कळण्यासाठी संशोधनाची गरज नव्हती. नकाशे आखले जात होते तेव्हा तिला विचारण्याची गरज होती. ज्याचे जळते त्यालाच कळते, ही म्हण आपण नातेवाइकांच्या भांडणात वापरतो. ती खरे तर नगररचनेच्या आणि आरोग्याच्या कार्यालयांत भिंतीवर लावून ठेवली पाहिजे.

आता यावर नेहमीचे आक्षेप घेतले जातात. त्यांना एकेक करून उत्तर देणे अवश्य आहे.

पहिला आक्षेप डॉक्टर मंडळींचा. वैद्यक हे शास्त्र आहे, तेथे हात वर करून मतदान होत नसते, असे ते म्हणतात. आम्हांला हे मान्य आहे. कोणते औषध किती मात्रेत द्यावे, हे गोवंडीच्या रिक्षाचालकाने ठरवावे असे कोणीही सुचविलेले नाही. परंतु ते औषध घेण्यासाठी त्याने किती वाजता, कोठे आणि कितीदा यावे, हा प्रश्न शास्त्राचा नाही. तो त्याच्या रोजंदारीचा आहे. आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात कित्येक वर्षे आठवड्यातून तीन वेळा औषध देण्याची पद्धत होती, आणि ते केंद्रावर जाऊन कर्मचाऱ्याच्या देखत गिळावयाचे असे. ज्याची मजुरी सकाळी नाक्यावर ठरते, त्याने केंद्र उघडण्याची वाट पाहावी की कामाची? त्याने काम निवडले तर कागदावर त्याची नोंद 'उपचार सोडलेला' अशी होई. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, तसा हा प्रकार! दोष वेळापत्रकाचा आणि शिक्का माणसावर. रोज औषध देण्याची पद्धत देशभर आणावी यासाठीही जनहित याचिका करावी लागली, आणि जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर ती लागू झाली.

शिवाय शास्त्राच्या अंगणातही रुग्णाला काही सांगावयाचे असते, आणि ते ऐकले नाही तर शास्त्राचेच नुकसान होते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर पूर्वी महिनोन्‌महिने इंजेक्शने द्यावी लागत, आणि त्यांच्या दुष्परिणामाने अनेकांची श्रवणशक्ती कायमची जाई. मुंबईची नंदिता वेंकटेशन ही त्यांपैकी एक. तिने आणि दक्षिण आफ्रिकेतील फुमेझा टिसिले या तशाच रीतीने श्रवणशक्ती गमावलेल्या तरुणीने २०१९ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयात एक हरकत दाखल केली. बेडाक्विलिन या नव्या, तोंडाने घ्यावयाच्या औषधाची मक्तेदारी वाढवून मागण्यास त्यांचा विरोध होता. ती वाढली असती तर स्वस्त औषध २०२७ पर्यंत लांबणीवर पडले असते. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. या दोघी डॉक्टर नव्हत्या, वकील नव्हत्या, मंत्री तर नव्हत्याच. त्या रुग्ण होत्या. ज्यांचे कान गेले त्यांनीच जगाला ऐकावयास लावले, यातले मर्म वाचकांनी लक्षात घ्यावे.

दुसरा आक्षेप आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांचा, आणि तो खासगीत बोलला जातो. 'अहो, ती माणसे अडाणी. मुलांना लस टोचून घेत नाहीत, औषधे पुरी घेत नाहीत. ती काय सल्ला देणार?' २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोवंडीत गोवराची साथ उसळली तेव्हा हे वाक्य घरोघरी ऐकू आले. एकाच घरातील तीन बालके दोन दिवसांत दगावली, तेव्हा शहर खडबडून जागे झाले. मग केंद्राचे पथक आले, घरोघर पाहणी झाली, जादा लसीकरण सुरू झाले, आणि वस्तीतील मौलवींना, मंडळांना, स्वयंसेवकांना विनवणी करण्यात आली, की तुम्ही आईबापांना समजावून सांगा. त्यांनी ते काम केले. आमचा प्रश्न इतकाच, की ही माणसे ऑक्टोबरच्या आधी कोठे गेली होती? ती तेथेच होती. कोरोनाच्या काळात नेमके कोणत्या गल्लीतील लसीकरण चुकले, लस टोचल्यावर ताप आला तर बुडालेल्या मजुरीचे काय, कोणत्या अफवेने कोणाच्या मनात घर केले, हे सारे त्यांना ठाऊक असणार. त्यांना विचारले गेले ते मुले गेल्यावर. यालाच आपल्याकडे वरातीमागून घोडे म्हणतात. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली, हेही येथे नमूद केले पाहिजे. ज्याच्या दारात जाऊन ओरडावे असा लोकप्रतिनिधीही ज्या काळात नव्हता, त्याच काळात ही साथ आली. लोकांशी बोलण्याचे सगळे दरवाजे बंद करून मग लोकांच्या अज्ञानावर बोट ठेवणे हा अन्याय आहे.

तिसरा आक्षेप शासकीय आणि म्हणून सर्वांत गुळगुळीत. समित्या आहेतच, असे सांगितले जाते. खरे आहे, समित्यांना तोटा नाही. रुग्ण कल्याण समितीची कल्पना १९९४ मध्ये इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात पन्नास ते शंभर घरांमागे एक महिला आरोग्य समिती सांगितली आहे. क्षयरोगासाठी राज्य व जिल्हा पातळीवर क्षयरोग मंच आहेत, आणि त्यांत बरे झालेल्या रुग्णांना स्थान देण्याची तरतूद आहे. तरतुदी वाचल्या तर स्वर्ग दोन बोटे उरतो. परंतु बैठक कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता ठेवली, कागद इंग्रजीत दिले, येण्याजाण्याचे भाडे दिले नाही, आणि मागच्या बैठकीतील सूचनेचे काय झाले हे सांगण्याची पद्धतच ठेवली नाही, तर त्या समितीवर कोण टिकेल? ज्यांना वेळ आहे, ज्यांची ओळख आहे आणि ज्यांना छायाचित्रात यावयाचे आहे, तेच टिकतील. घरकाम करणारी बाई दोनदा येईल, तिसऱ्यांदा येणार नाही. आणि मग अहवालात लिहिले जाईल, की लोकांचा प्रतिसाद अल्प आहे.

हा रोग केवळ आपल्याच देशातला नाही. इंग्लंडमध्ये १९७४ पासून रुग्णांच्या बाजूने बोलणारी स्थानिक आरोग्य मंडळे होती; ती २००३ मध्ये मोडीत काढून त्यांच्या जागी दुसरी, मग तिसरी अशी रचना आणण्यात आली. याच काळात स्टॅफर्ड येथील रुग्णालयात रुग्णांची भयंकर हेळसांड चालू होती. ती उजेडात येण्यास कारण झाली ती मृतांच्या नातेवाइकांची चिकाटी. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या २०१३ सालच्या चौकशी अहवालात या कारभाराचे वाभाडे निघाले, आणि रुग्णांचा आवाज म्हणून नेमलेली अधिकृत मंडळे निष्प्रभ ठरल्याचेही त्यात स्पष्ट झाले. पैसा, शिक्षण, कायदे सारे असलेल्या देशात जर नुसत्या समितीने रुग्ण वाचत नाही, तर आपल्याकडे कागदी समितीने तो कसा वाचेल? खुर्ची देऊन भागत नाही. त्या खुर्चीवरून बोललेल्या शब्दाला उत्तर देण्याचे बंधन समोरच्यावर असावे लागते.

असे बंधन घातले की काय होते, याचे दाखले शोधण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले तेव्हा त्यांनी आधी गावकऱ्यांना त्यांच्या गरजा विचारल्या. गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर अशा स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले, आणि त्या स्त्रियांनी बाळंतपणे, बालमृत्यू, कुष्ठरोग या बाबतींत आपल्या तालुक्याचे चित्र पालटून दाखविले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी आल्मा-आटा येथील जागतिक परिषदेने जाहीर केले होते, की आरोग्यसेवेच्या आखणीत सहभागी होणे हा लोकांचा हक्क आहे आणि कर्तव्यही. पुढे २००७ पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार व तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग झाला. गावकऱ्यांनी आपल्या आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा, लाल असे रंग देऊन गुणपत्रक भरले, आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना लोकांसमोर उभे राहून उत्तर द्यावे लागले. बाहेरून औषधे आणावयास लावणे, बेकायदा पैसे उकळणे यांसारख्या गोष्टींना त्यामुळे जागोजागी चाप बसला. जे नंदुरबारच्या आदिवासी पाड्यात जमले, ते महानगरपालिकेच्या गोवंडीत जमू नये, असे कोणी म्हणत असेल तर त्याने कारण सांगावे.

आता थोडे आपल्या घरात डोकावू. योहानाच्या शुभवर्तमानात बेथेस्दा तळ्याकाठचा एक प्रसंग आहे. अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला प्रभू येशू आधी विचारतो, की बरे व्हावे अशी तुझी इच्छा आहे का? तो मनुष्य आपल्या रोगाचे वर्णन करीत नाही. तो सांगतो, की पाणी ढवळले जाते तेव्हा मला तळ्यात सोडणारे कोणी नाही, आणि मी पोचेपर्यंत दुसराच कोणी उतरलेला असतो. म्हणजे उपचार होता. त्याच्यापर्यंत पोचण्याची व्यवस्था नव्हती. ही गोष्ट त्या रुग्णाखेरीज कोणाला सांगता आली असती? यरीहोच्या बार्तीमयालाही प्रभूने आधी विचारले, की तुला काय हवे. तो आंधळा आहे हे समोर दिसत होते, तरी विचारले. गर्दी त्याला गप्प बसवीत होती. प्रभूने त्याला बोलते केले.

या प्रभूचे आम्ही अनुयायी रुग्णालयात जातो तेव्हा काय करतो? केळी, बिस्किटे आणि सांत्वनाचे चार शब्द. व्हिन्सेंट द पॉल सोसायटीच्या बंधुभगिनींचे, घरोघरी जाऊन आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देणाऱ्यांचे काम थोर आहे. त्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु दान देणारा नेहमी उभा असतो आणि घेणारा खाटेवर आडवा, ही रचना दानाने बदलत नाही. क्षयरोग्याला पोषणाची शिधापिशवी देणे सोपे आहे. शासनाकडून त्याला दरमहा मिळावयाची रक्कम, जी २०१८ मध्ये ५०० रुपये होती आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाली, ती बँक खाते नसल्यामुळे अडली आहे काय, हे त्याला विचारून कार्यालयात पाठपुरावा करणे अवघड आहे. २०२३ व २०२४ मध्ये क्षयरोगाची औषधे ठिकठिकाणी मिळेनाशी झाली तेव्हा आपल्या धर्मग्रामांतून किती निवेदने गेली? प्रार्थना झाल्या असतील. निवेदनांना कोणी बंदी केली नव्हती.

आणि ज्या कसोटीवर आम्ही महापालिकेला घासतो, त्याच कसोटीवर आपल्या कॅथोलिक संस्थांनीही उतरावे. आपल्या रुग्णालयांच्या व्यवस्थापनात धर्मगुरू आहेत, भगिनी आहेत, डॉक्टर आणि हिशेबनीस आहेत. रुग्ण आहेत काय? २०२१ ते २०२४ या काळात सिनडच्या निमित्ताने पोप फ्रान्सिस यांनी साऱ्या ख्रिस्तसभेला एकमेकांचे ऐकण्याचा धडा घालून दिला. तो धडा फक्त धर्मग्राम मंडळाच्या सभेपुरता नव्हता.

स्वयंसेवकांविषयीही एक इशारा देणे आवश्यक वाटते. 'स्वयंसेवक' या गोड शब्दाखाली फुकट राबवून घेण्याची सवय सरकारला फार जुनी आहे. महापालिकेच्या आरोग्यसेविका वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर गल्ल्या तुडवीत आहेत, आणि किमान वेतन मागितले की त्यांना त्या स्वयंसेविका असल्याची आठवण करून दिली जाते. आम्ही ज्या सल्लागारांची मागणी करतो ते कर्मचाऱ्यांची रिकामी पदे झाकण्यासाठी नकोत. २०२५ मध्ये उपनगरांतील काही पालिका रुग्णालये खासगी भागीदारीत चालविण्याचे प्रस्ताव पुढे आले, आणि गोवंडी-मानखुर्दच्या रहिवाशांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. अशा निर्णयाच्या वेळी सल्लागारांना विचारले जाणार नसेल, आणि पाण्याच्या कूलरची जागा ठरविण्यापुरतेच बोलावले जाणार असेल, तर तो सल्ला नव्हे, सोपस्कार होय. तसेच चेंबूरच्या सुस्थित कुटुंबातील कोणी गोवंडीच्या वतीने बोलू लागला, तर तेही आम्हांला मान्य नाही. आपण टिपणे करावीत, इंग्रजी कागद मराठी-हिंदीत समजावून द्यावेत, बैठकीच्या वेळी कोणाचे मूल सांभाळावे. बोलावे त्यांनी.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. गोवंडीच्या शताब्दी रुग्णालयापासून वस्तीतील दवाखान्यापर्यंत प्रत्येक ठिकाणच्या समितीवर निम्म्या जागा त्या सेवेचा प्रत्यक्ष लाभ घेणाऱ्यांना असाव्यात, आणि त्यांत बरे झालेले क्षयरोगी व लहान मुलांच्या माता असाव्यात. बैठक संध्याकाळी किंवा रविवारी, वस्तीत आणि लोकांच्या भाषेत व्हावी. येणाऱ्याला बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी. प्रत्येक सूचनेला तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावे. नकार असेल तर कारणासह. आणि वर्षातून दोनदा उघड जनसुनवाई व्हावी. यात आकाशातील चंद्र मागितलेला नाही.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मध्ये ११ फेब्रुवारी, म्हणजे लूर्दमातेच्या सणाचा दिवस, जागतिक रुग्णदिन म्हणून ठरवून दिला. दरवर्षी त्या दिवशी आपल्या धर्मग्रामांत आजाऱ्यांसाठी मिस्सा होते, त्यांना पुढच्या बाकांवर बसविले जाते, त्यांच्या कपाळाला पवित्र तेल लावले जाते. येत्या रुग्णदिनी मिस्सेनंतर त्यांच्या हाती एक खुर्ची आणि एक ध्वनिक्षेपक द्यावा, आपण सर्वांनी समोर खाली बसावे, आणि रुग्णालयात त्यांचे काय झाले ते त्यांच्याच तोंडून ऐकावे. जे ऐकू ते लिहून काढावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते घेऊन विभाग आरोग्य अधिकाऱ्याच्या दारात उभे राहावे. पेटीत टाकू नये. हातात द्यावे, आणि पोच घ्यावी.